पंचेचाळीस मिनिटांचे आर्स

गेल्या महिन्यात आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात एक रंगीत पत्रक येऊन पडले. गुळगुळीत कागद, वर लूर्दच्या पवित्र मातेचे चित्र, खाली आयफेल मनोरा, आणि दोहोंच्या मधोमध ठसठशीत अक्षरांत ग्वाही : 'तेरा दिवस, सात देश!' मी कुतूहलाने देश मोजले. पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली. सहाच भरले. सातवा कोणता म्हणून शोधू लागलो, तेव्हा ध्यानात आले की व्हॅटिकनची गणना स्वतंत्र देश म्हणून केली आहे. संत पेत्राच्या चौकात बसमधून पाय टाकला की एक देश झाला! पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत धर्मगुरूंसाठी खास निरोप होता. ठराविक प्रवासी जमवून दिल्यास आध्यात्मिक मार्गदर्शकाची जागा विनामूल्य.

ह्या पत्रकाविरुद्ध लिहिण्याचा मला अधिकार आहे का, हा प्रश्न वाचकांनी विचारण्यापूर्वी मीच विचारतो. कारण असाच एक 'आध्यात्मिक मार्गदर्शक' होऊन २०१८ साली मी एका बसच्या पहिल्या आसनावर बसलो होतो. बसमध्ये ध्वनिक्षेपक माझ्या हाती होता. सकाळी रोझरी, दुपारी भक्तिगीते, संध्याकाळी उद्याच्या गजराची वेळ. फुकटच्या जागेची किंमत मी इमानेइतबारे फेडली. पण ती कोणाच्या खिशातून फेडली गेली, हे कळायला मला पुढची काही वर्षे लागली. म्हणून हा लेख जितका त्या पत्रकाविरुद्ध आहे, तितकाच माझ्याविरुद्धही आहे असे समजावे.

आमच्या बसमध्ये एक मावशी होत्या. नाव सांगत नाही; वसईच्या किनारपट्टीवरील अशा मावशी प्रत्येक धर्मग्रामात चार-सहा तरी असतात. उभा जन्म पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात मोगरा नेऊन विकला. नवरा लवकर गेला, मुले मार्गाला लागली, आणि साठी उलटल्यावर बँकेतील ठेव मोडून त्यांनी ह्या यात्रेत नाव घातले. त्यांना आयफेल मनोऱ्याचे सोयरसुतक नव्हते. कधी काळी एका प्रवचनात त्यांनी आर्सच्या धर्मगुरूंची गोष्ट ऐकली होती, आणि त्या संताच्या गावी जाऊन पापनिवेदन करायचे एवढी एकच इच्छा मनाशी धरून त्या निघाल्या होत्या. मुंबईच्या विमानतळावर त्यांनी मला ती सांगितली. मी 'अवश्य, मावशी' म्हणालो.

आर्स हे फ्रान्समधील ल्यों शहराच्या उत्तरेस सुमारे पस्तीस किलोमीटरवर असलेले खेडे. १८१८ च्या फेब्रुवारीत जॉन मारी व्हियान्नी नावाचा एक तरुण धर्मगुरू तेथे नेमला गेला, तेव्हा गावची वस्ती होती अवघी दोनशे तीसच्या घरात. माणूस शेतकऱ्याच्या घरचा. लॅटिन काही केल्या डोक्यात शिरत नसे. गुरुविद्यालयातून परत पाठवण्याची पाळी आली होती. (आम्हा सेमिनरीतल्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यांचा तो मोठा आधार होता.) धुक्यात वाट चुकल्यावर त्यांनी एका मेंढपाळ पोराला गावाचा रस्ता विचारला आणि तू मला आर्सची वाट दाखवलीस, मी तुला स्वर्गाची दाखवीन, असे त्याला सांगितले, ही कथा सर्वश्रुत आहे. गावाबाहेर त्या भेटीचे शिल्प आज उभे आहे. पुढे एकेचाळीस वर्षे, १८५९ च्या ४ ऑगस्टला प्राण जाईपर्यंत, ते त्याच खेड्यात राहिले. अखेरच्या काळात वर्षाकाठी हजारो माणसे लोटू लागली आणि ते दिवसाचे पंधरा-सोळा तास पापनिवेदन ऐकत बसू लागले. कोठे मठात जाऊन एकांतात रडावे म्हणून त्यांनी एकाहून अधिक वेळा गावातून पळ काढला आणि प्रत्येक वेळी ते परत आले. १९२५ साली त्यांना संतपद मिळाले, १९२९ साली ते सर्व धर्मग्रामगुरूंचे आश्रयदाते संत झाले. म्हणजे आर्स हे इतर कोणाचे असो नसो, माझे तरी तीर्थ होते.

त्या तीर्थावर आमची बस सकाळी साडेअकराच्या सुमारास थांबली. रात्रीचा मुक्काम मोंपेल्येच्या बाहेर महामार्गालगतच्या हॉटेलात झाला होता. पहाटे साडेसहाला निघून साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास अंतर तोडले होते. संयोजकाने ध्वनिक्षेपकावरून सांगितले, 'पंचेचाळीस मिनिटे!' पन्नास माणसे उतरली. त्यांतील निम्मी शौचालयाच्या रांगेत उभी राहिली, उरलेली निम्मी दुकानात शिरली. मावशींचे गुडघे दुखत होते. रांगेतून सुटायला त्यांना पंचवीस मिनिटे लागली. मग त्या मला शोधत आल्या. संताचा देह काचेच्या पेटीत ठेवला आहे त्या वेदीसमोर मी पाच-सहा जणांची छायाचित्रे काढून देत होतो. त्या हळूच म्हणाल्या, 'फादर, पापनिवेदन...' मी घड्याळाकडे पाहिले. 'मावशी, आता बस सुटेल. रोमला करू या.'

रोमला झाले नाही. रोमला काय काय होते आणि काय होत नाही, हे ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांना सांगायला नको.

घरी परतल्यावर शेजारणींनी मावशींना विचारले, आर्स कसे होते? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की तिथे बायकांची रांग फार मोठी होती. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांना खरोखर तेवढेच आठवत होते.

ती पंचेचाळीस मिनिटे कोणी आणि का ठरवली होती, हे मला नंतर समजले. युरोपातील कायद्याप्रमाणे बसचालकाने साडेचार तास गाडी हाकली की त्याला किमान पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला सामान्यतः नऊ तासांपेक्षा अधिक हाकता येत नाही, आणि गाडीतील यंत्र त्याची मिनिटामिनिटाची नोंद ठेवते. कायदा उत्तम आहे. आपल्याकडे मुंबई-गोवा मार्गावर तो असता तर कितीतरी घरे वाचली असती. परंतु याचा अर्थ काय झाला? आर्सचा थांबा संत व्हियान्नींसाठी नव्हता. कोठेतरी थांबणे भागच होते, आणि महामार्गावरील पेट्रोलपंपाऐवजी पत्रकात एक तीर्थस्थान वाढत असेल तर कोणाला नको आहे? मावशींची ठेव ज्या इच्छेपायी मोडली, ती इच्छा चालकाच्या विश्रांतीच्या वेळेत कोंबली गेली होती. आणि ती विश्रांती संपली तेव्हा घड्याळ दाखवणारा मी होतो, संयोजक नव्हे.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो. व्हियान्नींच्या उतारवयात आर्सला जाणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली की ल्योंच्या रेल्वे स्थानकात त्यांच्यासाठी तिकिटांची वेगळी खिडकी उघडण्यात आली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तेथे मिळणारे परतीचे तिकीट आठ दिवस चालत असे. कारण पापनिवेदनाची पाळी यायला कित्येक दिवस लागतात, हे रेल्वेच्या कारकुनांनाही ठाऊक होते. रेल्वे कंपनी काही धर्मसंस्था नव्हती. तिलाही नफा हवा होता. तरी पस्तीस किलोमीटरांवरच्या खेड्यासाठी तिने आठ दिवस दिले. आम्ही सात हजार किलोमीटर उडून गेलो आणि पाऊण तास दिला. शिवाय आमच्याबरोबर एक धर्मगुरू होता.

आता या प्रवासांच्या बाजूने जे बोलले जाते त्याचा विचार केला पाहिजे. तो मी टाळला तर माझ्याच धर्मग्रामातील मंडळी मला प्रांगणात गाठून जाब विचारतील.

पहिले म्हणणे असे की, 'फादर, जन्मात एकदाच जाणे होते, मग सगळेच का पाहू नये?' हे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. ज्याने दोन लाख, तीन लाख रुपये पोटाला चिमटा काढून साठवले, त्याला ताटात जास्तीत जास्त वाढून घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु लग्नाच्या जेवणात बारा पदार्थ वाढले आणि पहिला घास घेताच पंगत उठवली, तर यजमानाला आपण काय म्हणू? जन्मात एकदाच जायचे आहे, म्हणूनच तर दोनच ठिकाणी जावे. वरचेवर जाणाऱ्याने घाई केली तर एकवेळ चालेल.

दुसरे म्हणणे वयस्कांचे आहे. भाषा येत नाही, जेवणाचे हाल, एकट्याने वाट चुकण्याचे भय. हे खरे आहे, आणि म्हणून समूहाने जाण्याला माझा मुळीच विरोध नाही. आपले पूर्वज वेलांकनीला आणि गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनाला गटानेच जात होते. विरोध आहे तो समूहाला मेंढरांच्या कळपासारखे हाकण्याला. पन्नास जणांना तेरा दिवसांत सात देश दाखवता येतात, तर पंधरा जणांना तेवढ्याच दिवसांत दोन गावी ठेवणे अशक्य का असावे? उत्तर सोपे आहे. त्यात नफा कमी आहे, आणि पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापायला आकडा राहत नाही.

तिसरे म्हणणे कोणी उघड बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. धर्मगुरूंनाही बाहेर जायचे असते. तुटपुंज्या मानधनात ते परवडत नाही. फुकटची जागा आली की नकार देववत नाही. मी त्यांना दोष देणार नाही, मीही त्यांतलाच. पण जो माणूस फुकट बसला आहे, तो संयोजकाला 'येथे आणखी दोन तास थांबा' असे सांगू शकत नाही, हा माझा स्वानुभव आहे. धर्मगुरूने आपले तिकीट स्वतः काढावे, किंवा धर्मग्राम परिषदेने ते काढून द्यावे, किंवा त्याने घरी राहावे. बोलण्याचे स्वातंत्र्य हवे असेल तर चौथा मार्ग मला दिसत नाही.

ह्या प्रवासांत ज्यांच्या गावी आपण जातो त्यांचे काय होते, हाही एक प्रश्न आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट हे त्याचे ठळक उदाहरण. सरोवर आणि उभा डोंगर यांच्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले हे गाव मिठाच्या खाणींमुळे हजारो वर्षे नांदते आहे. युरोपच्या इतिहासपूर्व काळातील एका संस्कृतीला या गावाचेच नाव दिले गेले आहे. १९९७ साली त्या परिसराला जागतिक वारशाचा मान मिळाला. २०१२ साली चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतात या गावाची हुबेहूब नक्कल उभारण्यात आली, यावरून त्याच्या रूपाची कल्पना यावी. गावची वस्ती आठशेपेक्षाही कमी. आणि गर्दीच्या दिवशी तेथे दहा हजारांपर्यंत माणसे येतात. २०२३ च्या मे महिन्यात गावकऱ्यांनी छायाचित्रांच्या प्रसिद्ध जागेवर लाकडी कुंपण उभारून सरोवराचे दृश्यच झाकून टाकले. टीका झाली, तेव्हा ते काढावे लागले. ऑगस्टमध्ये त्यांनी रस्त्यावर येऊन निदर्शने केली. मागणी काय, तर पाहुण्यांच्या संख्येला मर्यादा घाला.

आमच्या बसने तेथे दीड तास दिला होता. मंडळी सरोवराकाठी छायाचित्रांत गुंतली असताना मी वरच्या मरियामातेच्या चर्चकडे जाणाऱ्या पायऱ्या धापा टाकत चढलो. चर्चमागे संत मिखाएलचे लहानसे कपेल आहे आणि त्याच्या तळघरात अस्थिगृह. तेथे बाराशेहून अधिक कवट्या रचून ठेवल्या आहेत, आणि त्यांतील सहाशेंवर कवट्यांच्या कपाळांवर माणसाचे नाव, मृत्यूचे साल आणि फुलापानांची नक्षी रंगवलेली आहे. दफनभूमी इतकी लहान की काही वर्षांनी कबर उघडून पुढच्यासाठी मोकळी करावी लागे. मग घरचे लोक ती कवटी स्वच्छ करीत, उन्हात ठेवून पांढरी होऊ देत, तिच्यावर वेलपत्ती किंवा गुलाबाची फुले रंगवून घेत, आणि आजोबांच्या शेजारी आजीला ठेवीत. शेवटची कवटी १९९५ साली तेथे आली. १९८३ साली निवर्तलेल्या एका बाईची ती इच्छा होती. आपल्याही कित्येक धर्मग्रामांत दफनभूमी अपुरी पडते आणि कबर पुन्हा उघडली जाते; पण ते काम आपण मान वळवून उरकतो. मृत आप्ताचे कपाळ हाती धरून त्यावर फुले रंगवणारे गाव मला पाहायला मिळाले होते, आणि माझ्या हाती सात मिनिटे होती. खाली आलो तेव्हा बसमधल्या एकालाही वर असे काही आहे हे ठाऊक नव्हते. पत्रकात ते नव्हते. पत्रकात 'निसर्गरम्य थांबा' असे होते.

आता एक क्षण आपल्या किनाऱ्याकडे पाहा. अर्नाळा, राजोडी, कळंब येथे रविवारी गाड्या भरभरून पाहुणे येतात. कर्णे वाजतात, बाटल्या फुटतात, वाडीच्या तोंडाशी गाडी आडवी लावून लोक समुद्रावर जातात. कोणाच्या घरी मयत असली तरी पेटी न्यायला रस्ता मिळत नाही. यावर आपण सभा घेतो, निवेदने देतो, अग्रलेख लिहितो. हे लोक आमच्या गावात येतात पण गाव पाहत नाहीत, ही आपली तक्रार शंभर टक्के खरी आहे. मग हालश्टाटच्या म्हातारीच्या खिडकीत कॅमेरा घालताना ती तक्रार आपण मुंबई विमानतळावर ठेवून गेलो होतो काय?

व्हेनिसविषयी लिहायचे तर निराळा लेख होईल. १९५१ साली जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या घरात माणसे राहत. २०२२ साली ती पन्नास हजारांच्या खाली गेली. २०२४ च्या एप्रिलपासून तेथे गर्दीच्या ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात झाली. रात्री मुक्काम करणाऱ्याला मात्र ते द्यावे लागत नाही. हा भेद मला अर्थपूर्ण वाटतो.

२०२४ साली मला विश्रांतीसाठी काही आठवड्यांची रजा मिळाली, आणि थोरल्या भावाने तिकिटाचे पैसे दिले. मी पुन्हा आर्सला गेलो. या वेळी चार रात्री राहिलो. ल्योंहून आगगाडीने व्हिलफ्रांशला उतरावे लागते. तेथून आर्स सुमारे दहा किलोमीटर, बस क्वचित, म्हणून टॅक्सी. पहिल्या संध्याकाळी शेवटची बस निघून गेल्यावर गावात जी शांतता पसरली, ती ऐकायला मी सहा वर्षे उशिरा आलो होतो. संताचे घर जसेच्या तसे जपले आहे. स्वयंपाकघर, खाट, झिजलेली पुस्तके. बटाटे उकडून आठवडाभर तेच खाणाऱ्या माणसाची चूल पाहून माझ्या धर्मगुरुनिवासातील शीतकपाटाची मला लाज वाटली. ती फार दिवस टिकली नाही, हेही कबूल करतो. तिसऱ्या दिवशी जुन्या चर्चमधील त्यांच्या पापनिवेदनाच्या आसनापाशी मी सकाळभर बसून राहिलो. दोन बसगाड्या आल्या आणि गेल्या. दुसरीतला एक फिलिपिनो धर्मगुरू ध्वज उंच धरून आपल्या माणसांना मोजत होता. त्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे तोंड माझे नव्हते.

तेथून मी इटलीत बाञोरेज्योला गेलो. रोमच्या उत्तरेस, ओर्व्हिएतोपासून बसने जाता येते. रविवारी बस मिळेल या भरवशावर मात्र राहू नये. गावापलीकडे दरीच्या मधोमध मऊ दगडाच्या कड्यावर चिव्हिता हा जुना भाग उभा आहे. खालची माती झिजते आहे, कडे ढासळत आहेत, आणि घरे एकेक करून दरीत गेली आहेत. आता तेथे बारमाही राहणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. एका लांब पादचारी पुलावरून चढत जावे लागते आणि पुलाचे तिकीट आहे. तिकीट घ्यायला २०१३ साली सुरुवात झाली, तेव्हा गाव पाहायला पैसे कसले, म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. मी ते आनंदाने दिले. कारण हे संत बोनाव्हेंचरचे गाव. तेराव्या शतकात जन्मलेला हा मुलगा आजारातून संत फ्रान्सिसच्या मध्यस्थीने वाचला, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे तो फ्रान्सिस्कन संघाचा प्रमुख झाला. १२५९ साली ला व्हेर्नाच्या डोंगरावर त्याने मनाच्या परमेश्वराकडील प्रवासावर एक छोटा ग्रंथ रचला. सेमिनरीत आम्ही तो परीक्षेपुरता वाचला होता. त्यात सहा पायऱ्या आहेत आणि एकही पायरी गाळून पुढे जाता येत नाही. तो ज्या घरात वाढला ते घर कड्यासह केव्हाच कोसळले. मी त्या कडेला उभा होतो तेव्हा एक मार्गदर्शिका आपल्या गटाला सांगत होती, 'येथे पाहण्यासारखे काही नाही,' आणि गट वळला.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी चार व्यावहारिक गोष्टी सांगतो, कारण नुसता राग ओकून थांबणे हे आळशीपणाचे आहे.

देश एक निवडा, फार तर दोन. शेंगेन व्हिसा ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे मागायचा असतो. सात देशांच्या घाईत हा हिशेबच गोंधळतो आणि मग संयोजक सांगेल तेथे सह्या कराव्या लागतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान दोन-तीन महिने आधी करावा. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क नव्वद युरो झाले आहे, आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. उतरल्यावर तासाभरात पुढची गाडी पकडण्याचा बेत आखू नये.

मुक्काम खेड्यातच करा. बहुतेक प्रसिद्ध खेडी सकाळी दहा ते सायंकाळी पाच बसवाल्यांची असतात. त्याआधी आणि त्यानंतर ती गावकऱ्यांची असतात. इटलीत आणि फ्रान्समध्ये पुष्कळ ठिकाणी धर्मभगिनींची अतिथिगृहे आहेत. खोली साधी, अंथरूण स्वच्छ. रात्री ठराविक वेळी दार बंद होते, हे आधी विचारून घ्यावे. (एका रात्री मी कुंपणाबाहेर राहिलो होतो. तपशील देत नाही.) गावातील चर्च दुपारी बारा-साडेबाराला बंद होऊन तीनच्या पुढे उघडते; ती वेळ जेवणासाठी आणि वामकुक्षीसाठी आहे, दार ठोठावण्यासाठी नाही. मिस्सेची वेळ दारावर लावलेली असते. रविवारी गावच्या मिस्सेला बसा. भाषा कळली नाही तरी केव्हा गुडघे टेकायचे हे आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे. धर्मगुरूंनी आपल्या महागुरुस्वामींचे ओळखपत्र बरोबर न्यावे, त्यावाचून अनोळखी वेदीवर उभे राहू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. बूट सपाट तळाचे, सवयीचे. दगडी फरसबंदीवर नवे बूट घालणे हे प्रायश्चित्तात मोडते.

प्रसिद्ध वास्तू पाहूच नयेत असे माझे म्हणणे नाही. संत पेत्राची बसिलिका सकाळी सातला उघडते आणि प्रवेशाला पैसे लागत नाहीत; सातला गेलात तर तुमची पावले तुम्हाला ऐकू येतील, अकराला गेलात तर पुढच्याची पाठ दिसेल. बुधवारच्या पोप महोदयांच्या सार्वजनिक भेटीची तिकिटे मोफत असतात. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर त्याला वाटेला लावावे. गुडघे आणि खांदे झाकलेले असावेत. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडता रविवारी बंद असतात, आणि त्या एका रविवारी ती फुकट असल्याने तेथे फिरकू नये. रोमच्या रस्त्यांवरील लोखंडी नळांचे पाणी पिण्याजोगे आहे. बाटली घरून न्या. स्थानकावरून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या चौसष्ट क्रमांकाच्या बसमध्ये पाकीट छातीशी धरा, कारण ती बस भाविकांइतकीच खिसेकापूंनाही प्रिय आहे. पॅरिसचे नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. तेथेही प्रवेश मोफत आहे. सकाळच्या मिस्सेला जाल तर ते चर्च म्हणून पाहाल.

त्या रंगीत पत्रकाला मी उत्तर धाडले आहे. आमच्या परिषदेने पुढील वर्षी पंधरा जणांची एक यात्रा ठरवली आहे : आर्सला पाच रात्री, असिसीला पाच रात्री. धर्मगुरूचे तिकीट धर्मगुरू काढील. मी प्रथम मावशींच्या घरी गेलो. अंगणात मोगरा अजून आहे, बाजाराला आता सून जाते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चहा पाजला, आणि गुडघ्यावरचा पदर सारून सूज दाखवली. 'आता कसली मी येते, फादर. तुम्ही जाऊन या.' आग्रह करण्यात अर्थ नव्हता.

चौदा जागा शिल्लक आहेत. नावे रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर कार्यालयात घेतली जातील.